आसामी पानाची पारख

नव्या दुकानांतला चहा घरीं आला म्हणजे पहिला पेला घेतांना माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. रंग बरा उतरला आहे, पण स्वाद नाहीं. स्वाद आहे, पण घशाशीं तुरट लागतो. कांहीं म्हणा, नेहमींच्यासारखा नाहीं, असे अभिप्राय निघूं लागतात, आणि त्यांतला शेवटचा अभिप्रायच बहुधा निकालाचा ठरतो. अनोळखी चहाची परीक्षा म्हणजे खरें पाहतां ओळखीच्या चहाशीं घातलेला मेळ. जिभेला जें पाठ झालेलें असतें त्यालाच ती उत्तम म्हणते. घरच्या चार पेल्यांपुरती ही गोष्ट किरकोळ आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आसामच्या अरण्यांतील एका पानाची अशीच परीक्षा झाली. ती सोळा वर्षें चालली. वनस्पतिशास्त्रज्ञ, लष्करी अधिकारी, लंडनचे दलाल आणि खुद्द गव्हर्नर जनरल यांनीं तींत भाग घेतला. ज्या लोकांना त्या पानाची चव पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, त्यांचा अभिप्राय मात्र परीक्षेच्या कागदावर कोणीं मांडला नाहीं.

त्या काळीं चहा म्हणजे चीनचा चहा. हिंदुस्थानच्या बंदरांत तो अगदींच अपरिचित नव्हता. १६३८ सालीं सुरतेस आलेल्या मान्डेल्स्लो नांवाच्या जर्मन प्रवाशानें आपल्या बैठकींत रोज चहा होत असे, असें लिहून ठेविलें आहे. १६८९ सालीं तेथें आलेला इंग्रज पाद्री ओव्हिंग्टन याच्या वृत्तांतांत तर चहांत गरम मसाले उकळून घेण्याची, खडीसाखर किंवा मुरवलेलें लिंबू घालण्याची चाल नमूद आहे. डोकेदुखीवर व पोटाच्या कळीवर तो गुणकारी मानीत. म्हणजे सुरतेच्या लोकांनीं परक्या पानाला काढ्याचें माप लावलें, आणि त्या मापांत तें उतरलें. महाराष्ट्रांत पुढें यापेक्षांही मौजेची गोष्ट घडली. परसांतल्या पाणवठ्याजवळ वाढणाऱ्या एका सुगंधी तृणालाच लोकांनीं ‘गवती चहा’ हें नांव देऊन टाकलें. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें त्या तृणाचा चहाशीं कांहींएक संबंध नाहीं. पण उकळत्या पाण्यांत जें पान पडतें आणि ज्याच्या वाफेनें पडसें हटतें, त्याला चहाच्या कुळांत घ्यावयास मराठी घरांना कधीं अडचण वाटली नाहीं.

लंडनच्या व्यापाऱ्याला एवढें उदार होणें परवडण्याजोगें नव्हतें. त्याला तोंड पोळल्याचा अनुभव होता. अठराव्या शतकांत इंग्लंडांत चहावर जबर कर असे, आणि कर जबर असला म्हणजे चोरटा व्यापार व भेसळ यांना ऊत येतो, हा सर्व देशांतला अनुभव आहे. ॲश, एल्डर आणि रानप्लम यांचीं पानें वाळवून चहा म्हणून खपवीत. या बनावट मालाला ‘स्माउच’ असें नांवच पडलें होतें. रिचर्ड ट्विनिंग या प्रसिद्ध चहाव्यापाऱ्यानें १७८५ सालीं त्याची कृति छापून प्रसिद्ध केली: ॲशचीं पानें उन्हांत वाळवावयाचीं, भाजावयाचीं, जमिनीवर पसरून पायांनीं तुडवावयाचीं, आणि हिराकस व मेंढ्यांच्या लेंड्या यांच्या पाण्यांत भिजवून पुन्हां सुकवावयाचीं. ही कृति ऐकल्यावर त्या काळच्या लंडनकरांच्या हातांतला पेला तोंडाशीं जातां जातां थबकला असेल तर त्यांत नवल नाहीं. या प्रकाराविरुद्ध १७७७ सालीं पार्लमेंटला कायदा करावा लागला होता. आणि १७८४ सालीं पिट यांच्या सरकारनें कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला, तेव्हां कोठें चोरट्या मालाचा जोर ओसरला. चीनहून न आलेलें पान म्हणजे लबाडीचें पान, ही समजूत मात्र त्या बाजारांत मुरून राहिली.

आतां आसामकडे वळावें. १८२३ सालीं रॉबर्ट ब्रूस नांवाचा एक स्कॉच व्यापारी ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत आहोम राजांच्या रंगपूर या शहरीं गेला होता. आसामांत त्या वेळीं इंग्रजांचा अंमल नव्हता. ब्रह्मी सैन्यानें तो प्रांत व्यापिला होता. पूर्वेकडील डोंगराळ अरण्यांतले सिंफो लोक चहा पितात आणि तो त्यांच्याच मुलखांतल्या झाडांचा असतो, ही वार्ता ब्रूसला तेथें कळली. मणिराम दत्त बरुआ या तरुण आसामी गृहस्थानें ती त्याला सांगितली, असें मानतात. मणिराम हें नांव ध्यानांत ठेवावें. तें पुढें पुन्हां येईल. सिंफोंचा एक नायक बीसा गाम याच्याशीं ब्रूसनें रोपें व बीं मिळविण्याचें ठरविलें. तो स्वतः लवकरच वारला. पण इंग्रजांचें ब्रह्मी लोकांशीं युद्ध जुंपल्यावर त्याचा भाऊ चार्ल्स अलेक्झांडर ब्रूस तोफांच्या नावांवरील अधिकारी म्हणून सदियाकडे गेला, आणि रोपें त्याच्या हातीं आलीं. १८२५ सालीं डेव्हिड स्कॉट या अधिकाऱ्याच्या मार्फत कांहीं पानें कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे प्रमुख डॉ. वॉलिच यांच्याकडे गेलीं. वॉलिच यांनीं मत दिलें कीं, ही वनस्पति कॅमेलिया होय, चहा नव्हे. कॅमेलिया म्हणजे चहाची शोभिवंत चुलतबहीण. बागांत ती फुलांसाठीं लावतात. शास्त्राचा हा निकाल पानाच्या आकृतीवरून झाला. पेल्यांत काय उतरतें, हा प्रश्न शास्त्रानें आपला मानलाच नाहीं.

सिंफो लोक त्या पानाचें काय करीत, याचें वर्णन धाकट्या ब्रूसनेंच पुढें आपल्या अहवालांत केलें आहे, आणि तें मुळांतून समजून घेण्याजोगें आहे. ते कोंवळीं पानें खुडून उन्हांत वाळवीत. कोणी तीं रात्रीं दंवांतही ठेवीत. मग तापलेल्या कढईंत परतून तीं गरम असतांनाच बांबूच्या नळींत भरीत, आणि नळी विस्तवावर फिरवीत फिरवीत काठीनें पान ठासून बसवीत. नळी कांठोकांठ भरली कीं तोंडाला पानें बांधून ती घरांत चुलीच्या धुराच्या जागीं टांगून ठेवीत. असा चहा वर्षानुवर्षें टिकत असे. आणखी पूर्वेकडे तर दुसरीच तऱ्हा होती. तेथें जमिनींत खड्डा खणून त्याला मोठ्या पानांचें अस्तर देत, चहाचीं पानें उकडून पाणी फेंकून देत, आणि उकडलेलीं पानें त्या खड्ड्यांत झांकून आंबवीत. मग तीं नळ्यांत भरून बाजारांत नेत. ज्या देशांत वर्षांतले कित्येक महिने पाऊस पडतो, तेथें धूर आणि बांबू यांच्या साह्यानें पान कोरडें व शाबूत ठेवण्याची ही युक्ति सामान्य बुद्धीची खास नव्हे. चीनच्या कारागिरांनीं कौशल्यानें बनविलेला आसामचा माल पुढें कलकत्त्याच्या वाटेवर ओल लागून खराब झाला, हें लक्षांत घेतलें म्हणजे सिंफोंच्या नळीची किंमत अधिकच कळते.

पहिल्या निकालानंतर हें प्रकरण आठ-नऊ वर्षें थंड पडलें. मध्यंतरीं १८२६ च्या यांदाबूच्या तहानें आसाम कंपनीच्या हातीं आला होता. पण कंपनीला चीनचा चहा पुरत होता आणि त्या व्यापाराचा मक्ताही तिच्याकडेच होता. १८३३ च्या कायद्यानें तो मक्ता गेला. मक्ता गेल्याबरोबर हिंदुस्थानांत चहा पिकेल काय, ही चिंता सरकारला एकाएकीं वाटूं लागली! लॉर्ड बेंटिंक यांनीं १८३४ च्या आरंभीं एक चहासमिति नेमली. समितीनें गॉर्डन या आपल्या चिटणीसास बीं व कारागीर आणावयास चीनकडे रवाना केलें, आणि हिंदुस्थानांत चहाला योग्य अशी जमीन कोठें आहे, हें विचारणारें एक परिपत्रक काढलें. आसामांतून कॅप्टन जेन्किन्स यांचें उत्तर आलें कीं, योग्य जमीन तर आहेच, पण झाडही येथें आपोआप उगवतें. सदियाच्या लेफ्टनंट चार्लटन यांनीं लिहिलें कीं, तेथील लोक वाळलेल्या पानांचा काढा पितात. हिरव्या पानाला वास नसतो, परंतु वाळल्यावर त्याला चिनी चहाचा वास व स्वाद येतो. या साऱ्या सरकारी पत्रव्यवहारांत हें एक वाक्य असें आहे कीं, लिहिणाऱ्यानें पान प्रत्यक्ष तोंडांत घेऊन पाहिलेलें दिसतें. त्यानें पानांबरोबर फळेंही पाठविलीं. तीं पाहून वॉलिच यांचा संशय फिटला, आणि २४ डिसेंबर १८३४ रोजीं समितीनें सरकारला कळविलें कीं, चहाचें झाड उत्तर आसामांत स्वयंभू आहे, यांत शंका नाहीं.

झाड चहाचें ठरलें, तरी तें चांगल्या चहाचें आहे काय, हा वाद उरलाच. १८३५ सालीं वॉलिच, ग्रिफिथ आणि मॅक्‌लेलंड असे तिघे शास्त्रज्ञ पाहणीसाठीं आसामांत गेले आणि वाटेंतच एकमेकांशीं भांडले. ग्रिफिथ यांचें म्हणणें असें कीं, रानटी झाडापासून उत्तम चहा व्हावयाचा नाहीं. शतकानुशतकें मशागत झालेलें चिनी झाडच आणलें पाहिजे. त्याप्रमाणें गॉर्डननें पाठविलेल्या बियांचीं रोपें कलकत्त्यांत वाढवून हजारोंनीं आसामांत नेण्यांत आलीं. सैखोवा येथें नदीकांठच्या वाळवट जमिनींत लावलेलीं रोपें जगलीं नाहींत. इतरत्र जीं जगलीं त्यांचा स्थानिक झाडांशीं संकर झाला, आणि पुढच्या पिढीच्या मळेवाल्यांनीं त्या चिनी वाणाच्या नांवानें बोटें मोडलीं. परदेशांतून मोठ्या कष्टानें आणलेलें झाड दुबळें निघालें आणि हत्तींच्या वाटेंत उगवलेलें झाड जोमाचें ठरलें. वॉलिच यांच्या पहिल्या निकालाचीही शेवटीं एक गंमत झाली. वनस्पतिशास्त्रानें पुढें चहा आणि कॅमेलिया हीं दोन कुळें एकच मानलीं, आणि आज शास्त्रीय ग्रंथांत चहाचें नांव ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ असें आहे. आसामचें झाड त्याचाच ‘आसामिका’ हा प्रकार. म्हणजे वॉलिच ‘कॅमेलिया आहे’ म्हणाले तें बरोबर होतें. ‘चहा नव्हे’ म्हणाले तेवढेंच चुकलें.

अखेर पारख पेल्यांतच व्हावयाची होती. धाकटा ब्रूस १८३६ सालीं चहाच्या लागवडीवरचा अधिकारी झाला. तो ना शास्त्रज्ञ, ना मळेवाला. पण जंगल साफ करून, रानटी झाडें छाटून, चिनी कारागिरांच्या हातून त्यानें काळा चहा बनवून घेतला. कारागिरांची प्रत्येक हालचाल त्यानें बारकाईनें टिपली आणि १८३८ सालीं ती पुस्तकरूपानें छापली. १८३६ चा पहिला नमुना कलकत्त्यास गेला तेव्हां गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यांनीं तो चाखून चांगला असल्याचा निर्वाळा दिला. पुढच्या वर्षीं अधिक माल निघाला. वाटेंत बराच बिघडला. जो उरला त्यांतून आठ पेट्या, सुमारें ३५० रत्तल, लंडनला पोंचल्या.

१० जानेवारी १८३९ रोजीं लंडनच्या मिन्सिंग लेनमध्यें त्या आठ पेट्यांचा लिलाव झाला. तीन पेट्या ‘सूचाँग’च्या आणि पांच ‘पेको’च्या. नांवें पाहावीं: पान आसामचें, पण वर्गवारी चिनी. दुसरें मापच नव्हतें. चढाओढ अशी लागली कीं, पहिली पेटी रत्तलास २१ शिलिंग या दरानें गेली आणि शेवटची ३४ शिलिंगांवर पोंचली. साऱ्या आठही पेट्या कॅप्टन पिडिंग नांवाच्या एकाच गृहस्थानें घेतल्या. हा स्वतः चहाचा विक्रेता होता, आणि अशा खरेदीनें आपल्या दुकानाचा डंका वाजतो हें तो पुरतें ओळखून होता. तेव्हां त्या ३४ शिलिंगांत चवीचे किती, कुतूहलाचे किती आणि आपल्या राज्यांतला पहिला चहा या अभिमानाचे किती, याचा हिशेब मांडणें कठीण आहे. पुढच्या मालाला असा भाव मिळाला नाहीं, यावरून त्याचें उत्तर कांहींसें कळतें. मिन्सिंग लेनच्या दलालांचे अभिप्राय मात्र भावापेक्षां अधिक शहाणपणाचे होते. चहा जोरकस आहे, पण करपटपणाकडे झुकतो. बनावटींत सुधारणा झाली तर या बाजाराला योग्य माल आसामांतून मिळेल, असा त्यांचा एकंदर सूर होता. स्माउचच्या आठवणी बाळगणाऱ्या बाजारानें अनोळखी पानाला एवढें म्हणावें, हें थोडें नव्हे.

या पारखीची पुढें एक ठाम रीत बसली आणि ती आजही चालू आहे. प्रत्येक चहा सारखाच तोलावयाचा. इंग्लंडांत त्यासाठीं सहा पेन्सांचें नाणें वजन म्हणून वापरीत. झांकणाच्या पांढऱ्या पेल्यांत चहा घालून वर कढत पाणी ओतावयाचें आणि पांचसहा मिनिटें थांबावयाचें. मग कोरडें पान, भिजलेलें पान आणि पाणी असें तिन्ही शेजारीं शेजारीं ठेवून पाहावयाचें. पारखी चमचाभर चहा मोठ्यानें भुरका मारून ओढतो, म्हणजे तो टाळूभर उडतो आणि वास नाकांत चढतो. क्षणभर तोंडांत घोळवून तो पिकदाणींत टाकतो आणि पुढच्या पेल्याकडे सरकतो. भुरका मारूं नये म्हणून घरोघर मुलांना दटावतात; येथें त्याचाच पगार मिळतो. १९८० सालीं या रीतीचें आंतरराष्ट्रीय प्रमाणही ठरलें: शंभर मिलिलीटर पाण्याला दोन ग्रॅम चहा, सहा मिनिटें. असा पेला प्यावयास रुचकर लागावा, अशी त्यांत अपेक्षाच नसते. एका चहाची दुसऱ्याशीं तुलना करतां यावी एवढाच हेतु.

परंतु मोजमाप कितीही काटेकोर केलें तरी कोणत्या चवीला चांगलें म्हणावें, हें वजनकांटा सांगत नाहीं. १८३९ सालीं तें चीनच्या चहावर पोसलेली जीभ सांगत होती, आणि ती जीभ वाटते तितकी निर्मळ नव्हती. रॉबर्ट फॉर्च्यून हा वनस्पतिशोधक वेषांतर करून चीनच्या चहामुलखांत हिंडला, तेव्हां परदेशीं पाठवावयाच्या हिरव्या चहाला प्रशियन निळा रंग आणि जिप्सम यांचा हात देतात, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें. कामगारांचीं बोटें निळीं झालेलीं होतीं. त्या रंगाचे नमुने १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनांत मांडण्यांत आले. इंग्रज गिऱ्हाइकाला हिरवा चहा छान हिरवा हवा असे, म्हणून चिनी लोक तो रंगवून देत. स्वतः तसला पीत नसत. यापुढें हळूहळू इंग्रजांची आवड पालटली. दूध-साखर पचवून उरणारा आसामचा गडद, जोरकस पेला त्यांना मानवला, आणि १८८८ सालीं ब्रिटनमध्यें येणारा हिंदुस्थानचा चहा प्रथमच चीनच्या चहापेक्षां अधिक भरला. १८३९ सालीं ज्या जोरकसपणाला दलालांनीं नाक मुरडलें, तोच गुण पुढें आसामची खूण म्हणून मिरवूं लागला.

लिलावाची बातमी थंड होण्यापूर्वींच, फेब्रुवारी १८३९ मध्यें, लंडनांत आसाम कंपनी उभी राहिली. मणिराम बरुआ तिचा दिवाण झाला. म्हणून तो इतिहासांत मणिराम दिवाण या नांवानें ओळखला जातो. कांहीं वर्षांनीं नोकरी सोडून त्यानें जोरहाटाजवळ चिनामारा येथें व दुसऱ्या एका ठिकाणीं स्वतःचे मळे घातले. खाजगी चहामळा करणारा तो पहिला हिंदी माणूस. १८५७ च्या उठावांत आहोम राजवंश पुन्हां गादीवर बसविण्याचा कट केल्याच्या आरोपावरून त्याला पकडण्यांत आलें आणि २६ फेब्रुवारी १८५८ रोजीं जोरहाट येथें फांशी देण्यांत आलें. त्याचे मळे विकले गेले. सिंफोंची कथा त्याआधींच आटोपली होती. ज्या जंगलांत त्यांची झाडें होतीं तीं जंगलें चहाच्या नांवानें वेढलीं जाऊं लागलीं; १८४३ सालीं त्यांनीं इंग्रजांच्या ठाण्यांवर उठाव केला, आणि तो मोडून काढण्यांत आला. चहाच्या शोधाचें श्रेय ब्रूसचें कीं चार्लटनचें, यावर मात्र अधिकाऱ्यांत वर्षानुवर्षें वाद रंगला. त्या वादांत बीसा गामाचें नांव साक्षीदार म्हणूनही क्वचितच येतें.

लंडनचा चहालिलाव १९९८ सालीं कायमचा बंद झाला. आसामचा चहा १९७० पासून गुवाहाटीच्या लिलावांतही विकला जातो. सिंफो लोक आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यांत आणि लगतच्या अरुणाचलांत राहतात, आणि आपल्या चहाला ‘फालाप’ म्हणतात. कढईंत परतलेलें पान ते अजूनही बांबूच्या नळींत ठासतात आणि चुलीवर धुरांत टांगतात. महिन्यांनीं नळी फोडली कीं आंत काळीभोर, घट्ट कांडी निघते; सुरीनें तिची चकती कापून कढत पाण्यांत टाकतात. त्यांत दूध नाहीं, साखर नाहीं. पाण्याला सोनेरी तांबूस रंग चढतो आणि धुराचा मंद वास येतो. अलीकडे हा चहा शहरांतल्या चोखंदळ गिऱ्हाइकांसाठीं विकलाही जातो, आणि तीं गिऱ्हाइकें तो पहिल्यानें पितांना एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.